जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन पारखताना: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेली माणसं बहुधा एकाच प्रकारे फसतात. आपण पोचतो तेव्हा इंजिन आधीच चालू असतं. आवाज ठणठणीत, धूर नाही, रेस दिली की गुरगुरतं. आपण मान डोलावतो आणि तिथून पुढे फक्त भावाची बोलणी होतात. मीही एकदा असाच गरम इंजिनवर भुललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, तरी इंजिन काही सुरू झालं नाही. विकणाऱ्यानं खोटं एकही वाक्य सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त मी यायच्या अर्धा तास आधी ट्रॅक्टर चालू करून ठेवला होता.

माहिती असूनही चूक होते ती क्रमामुळे. काही गोष्टी फक्त थंड इंजिनवर दिसतात, काही फक्त लोडवर आणि काही लोडवरून उतरल्यावर दहा मिनिटांनी. क्रम मोडला की पुरावा पुसला जातो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं करा. दोन-तीन ट्रॅक्टरांमध्ये निवड करायची असेल तर प्रत्येकावर सगळे टप्पे करा, नाहीतर तुलना होतच नाही.

टप्पा १: घरबसल्या, काम आणि आकडे

आधी स्वतःचं काम लिहून काढा. वर्षातले किती तास जड नांगरट, किती तास रोटाव्हेटर किंवा पीटीओचं (मागच्या फिरत्या शाफ्टवरून अवजार चालवायचं) काम, किती तास नुसती वाहतूक. पीटीओवर सलग चार-चार तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला जे इंजिन लागतं, ते ट्रॉली ओढणाऱ्याला लागतंच असं नाही.

मग हॉर्सपॉवर. जुन्या माहितीपत्रकांतले आकडे एकमेकांशी थेट ताडून बघू नका. कुणी पंखा, डायनॅमो, सायलेन्सर काढून मोजलेली ताकद छापली आहे, कुणी सगळं लावून मोजलेली, कुणी पीटीओवरची. इंजिनवरच्या आणि पीटीओवरच्या ताकदीत १० ते १५ टक्क्यांचं अंतर सहज पडतं. त्यामुळे ४५चा ट्रॅक्टर ५०च्यापेक्षा शेतात जास्त ओढताना दिसला तर नवल नाही. दोन्हींचा पीटीओ आकडा मिळाला तरच ताडा. नाही मिळाला तर लिटरमधली क्षमता आणि रेटेड आरपीएम (कंपनीनं पूर्ण ताकदीसाठी ठरवलेले इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ताडा. मोठं इंजिन कमी आरपीएमवर तेवढंच काम करत असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन, ते जास्त टिकतं.

तपासा: पीटीओचे ५४० फेरे इंजिनच्या किती आरपीएमवर मिळतात? उत्तर रेटेड आरपीएमच्या अगदी जवळ असेल, तर पीटीओच्या कामात इंजिन सतत वरच्या रेसवर पळणार हे धरून चाला.

टप्पा २: बॉनेटवरचं नाव सोडा, ब्लॉकवरचा नंबर वाचा

एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं आली आहेत. मॅसी फर्ग्युसन ३५ हे ठळक उदाहरण. सुरुवातीच्या डिझेल गाड्यांत २.२६ लिटरचं चार सिलिंडरचं स्टँडर्ड २३सी इंजिन होतं आणि थंडीत सुरू व्हायला ते फार कुरकुरायचं. १९५९च्या सुमारास तिथे २.५ लिटरचं तीन सिलिंडरचं पर्किन्स आलं. ट्रॅक्टरचं नाव तेच राहिलं, पण ‘चार सिलिंडर म्हणजे भारी’ असं समजून जुनं इंजिन उचलणारे आजही भेटतात. फोर्ड ५०००चंही तसंच: आधी २३३ घन इंच, १९६८पासून २५६. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) तोच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२ इंचांवरून ४.४ झाला. पिस्टन मागवताना हा फरक माहीत नसेल तर पार्सल परत पाठवायची वेळ येते.

पर्किन्सच्या जुन्या नावांतच बरीचशी माहिती असते. ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर, १५२ घन इंच. ४.२३६ म्हणजे चार सिलिंडर, २३६ घन इंच, साधारण ३.९ लिटर.

तर नंबर वाचा. ब्लॉकवर ग्रीस आणि मातीचा थर असतो. तारेचा ब्रश आणि थोडं डिझेल सोबत न्या. नंबर कागदपत्रांवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुळला नाही तर इंजिन बदललेलं आहे. बदललेलं इंजिन वाईटच असतं असं नाही, पण त्याचा हिशोब कागदावर नसेल तर पुढचे टप्पे करायचीच गरज नाही, तिथूनच परत फिरा.

सावधान: अंक खरवडलेले, पुन्हा ठोकलेले किंवा नंबराच्या पट्टीवरच ताजा रंग दिसला तर ‘नंतर बघू’ म्हणू नका.

टप्पा ३: इंजिनाची जात ओळखा

खरी तुलना इथे आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात. चालू स्थितीतलं प्रत्येक जुनं इंजिन कधी ना कधी उघडावं लागणार आहे. तेव्हा किती खर्च येईल हे आजच्या आवाजावर कमी आणि इंजिनाच्या रचनेवर जास्त ठरतं. चार गोष्टी बघा.

*पहिली, लायनर.* लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. वेट लायनरमध्ये लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. मोठा फायदा असा की हेड आणि ऑइल पॅन काढून जागच्या जागी लायनर-पिस्टनचा सेट बदलता येतो, ब्लॉक लेथवर न्यावा लागत नाही. तोटा असा की खालच्या रबरी रिंगा गेल्या की पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं. शिवाय नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलेल्या इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडत जातात आणि एक दिवस आरपार भोक पडतं. ड्राय लायनर ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेलं असतं, पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. पण ते काढायला-बसवायला प्रेस आणि चांगला हात लागतो. पर्किन्स ४.२३६ या प्रकारातलं.

तिसरा प्रकार बिनलायनरचा, बोअर थेट ब्लॉकमध्ये. फोर्डची १९६५नंतरची तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं अशी आहेत. बोअर झिजला की पूर्ण इंजिन उतरवून रिबोअर करायचं (बोअर मोठा करायचा) आणि ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, किंवा स्लीव्ह (आत नवी नळी) मारायची. अशा इंजिनाच्या बाबतीत विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आत्ता कितवा ओव्हरसाइज चालू आहे? त्याला उत्तर माहीत नसलं तर शेवटचाच चालू आहे असं धरून भाव करा. कूलंटकडे दुर्लक्ष झालं तर खड्ड्यांचा त्रास इथेही होतो, आणि इथे भोक पडतं ते थेट ब्लॉकला.

*दुसरी, डिझेल कुठे जळतं ते.* डायरेक्ट इंजेक्शनमध्ये नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर डिझेल फवारतो. इनडायरेक्टमध्ये हेडमधल्या छोट्या कप्प्यात आधी डिझेल पेट घेतं आणि मग जाळ पिस्टनवर येतो. इनडायरेक्टचा आवाज मऊ, पण त्या कप्प्यात उष्णता वाया जाते. म्हणून तेवढ्याच कामाला डिझेल साधारण १० ते १५ टक्के जास्त लागतं आणि थंडीत हीटर प्लगशिवाय भागत नाही. वर्षाला हजार तास चालवणाऱ्यानं हा फरक पाच वर्षांच्या डिझेलमध्ये मांडून बघावा. वर्षाला शंभर तासवाल्यानं एवढा विचार करायची गरज नाही.

*तिसरी, फ्युएल पंप.* इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा छोटा दांडा). जड, महाग, पण दणकट. अनेक इनलाइन पंपांत वंगणाला स्वतःचं ऑइल असतं. त्याची पातळी कुणी कधी बघितलीच नाही अशी गाडी मला अनेकदा भेटली आहे. रोटरी पंप, म्हणजे सीएव्ही डीपीए सारखा, आटोपशीर असतो आणि प्लंजरची एकच जोडी सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटते. त्याचं वंगण म्हणजे खुद्द डिझेल. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की पंपच झिजतो. फोर्ड ३०००वर रोटरी आणि ५०००वर सिम्सचा इनलाइन, म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांच्या खोडी वेगळ्या. झिजलेला रोटरी पंप कसा पकडायचा ते टप्पा ७ मध्ये येईल.

*चौथी, थंड करायची पद्धत आणि टर्बो.* डॉइट्झसारख्या एअरकूल्ड इंजिनात रेडिएटर, होज, वॉटरपंप ही भानगडच नाही, आणि प्रत्येक सिलिंडर व हेड सुटं असल्यानं एकच सिलिंडर उघडता येतो. पण सिलिंडरभोवतीच्या फिन्समध्ये भुसा आणि ऑइलचा लगदा बसला की इंजिन गुपचूप भाजतं. जुन्या ट्रॅक्टरवर टर्बो दिसला तर आधी शोधा: कंपनीचा की नंतर बसवलेला? नंतर बसवलेल्यापासून मी लांब राहतो, कारण पिस्टन आणि बेअरिंग त्या ताकदीसाठी बनवलेले नसतात.

तीन की चार सिलिंडर हा वाद मी मुद्दाम शेवटी ठेवला. तेवढ्याच लिटरमध्ये तीन सिलिंडरला सुटे भाग कमी आणि दुरुस्ती स्वस्त. चार सिलिंडर कमी थरथरतं. बस, एवढाच फरक.

टप्पा ४: सुटे भाग आधी, ट्रॅक्टर नंतर

इंजिन नंबर हातात आला की थंड इंजिन बघायला जायच्या आधी फोनवर सहा वस्तू विचारा: हेड गॅस्केट, लायनर-पिस्टन सेट, मेन बेअरिंग, पंपाचं रिपेअर किट, नोझल, वॉटरपंप. ‘मिळेल’ हे उत्तर धरायचं नाही. ‘आहे’ की ‘मागवावं लागेल’, एवढंच लिहा. सहापैकी दोन वस्तू मागवाव्या लागणार असतील तर चालेल. लायनर-पिस्टन सेटच मिळत नसेल तर ते इंजिन यादीतून काढा, मग कितीही गोड वाजू दे.

टप्पा ५: थंड इंजिन, सेल्फ मारायच्या आधी

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की रात्रभर बंद असलेलं इंजिन बघायचं आहे. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तळहात ठेवणं. कोमट लागला तर चहापाणी करून परत या, दुसऱ्या दिवशी जा.

मग ऑइलची पट्टी काढा. थेंब दोन बोटांत घेऊन चोळा. चांगलं जुनं ऑइल काळं असतं पण बोटं अलग करताना तार धरतं. पाण्यासारखं सुटलं तर नाकाजवळ न्या: डिझेलचा वास येईल. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर खात्रीच समजा. फाटलेल्या लिफ्ट पंपाच्या पडद्यातून किंवा फ्युएल पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. दुरुस्ती मोठी नाही, पण पातळ ऑइलवर किती महिने चाललं आणि बेअरिंगांचं काय झालं, ते कुणी सांगू शकत नाही. पट्टीवरचं ऑइल कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे.

आता फार थोडे लोक करतात ती गोष्ट. परवानगी घेऊन ऑइल पॅनचा नट हळूहळू सैल करा, काढू नका. रात्रभरात पाणी ऑइलखाली बसतं. पहिले दोन-चार थेंब स्वच्छ पाण्याचे पडले आणि मग ऑइल आलं, तर लायनरच्या रिंगा, हेड गॅस्केट किंवा तडा, यांपैकी एक आहेच. इंजिन एकदा सुरू झालं की ते पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि हा पुरावा गेला.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर ऑइलचा तवंग, गंजाचा गाळ, की नीट रंगीत कूलंट? कूलंट दिसलं तर मालकाविषयी माझं मत जरा बरं होतं.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. वाफ तोंडावर येते.

तपासा: आसपास इथरचा स्प्रे (अडून बसलेलं इंजिन सुरू करायला मारतात तो) दिसतो का? त्याच्या सवयीचं इंजिन कॉम्प्रेशन गेलेलं असण्याची शक्यता दाट. हीटर प्लग किंवा मॅनिफोल्ड हीटर असलेल्या इंजिनात तर स्प्रे मारणं धोक्याचंच, मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो.

टप्पा ६: थंड स्टार्ट

सेल्फ तुम्ही स्वतः मारा. किती सेकंद लागले ते मोजा. डायरेक्ट इंजेक्शनचं तब्येतीचं इंजिन उबदार हवेत दोन-चार सेकंदांत पकडतं. इनडायरेक्टला हीटरचा पूर्ण वेळ द्या, मगच न्याय करा. नाहीतर चांगल्या इंजिनाला उगाच नापास कराल.

धुराचा रंग बघा, पण कधी आणि किती वेळ हेही बघा. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डोळ्यांना झोंबतो आणि मिनिटाभरात विरतो, त्याची काळजी नको. इंजिन गरम झालं तरी पांढरा धूर जात नाही आणि त्याला गोडसर वास आहे, तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. स्टार्टला एक निळा झोत येऊन बंद झाला तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या, सतत निळा असेल तर रिंगांवर. काळ्या धुराचा निकाल इथे लावू नका, तो लोडवरच कळतो.

इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उड्या मारायला लागलं, किंवा ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ठोक्यागणिक धूर फुसफुसायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा आणि लायनर थकलेत.

आवाजात एखादा वेगळा ठोका असेल तर सोबतच्या मेस्त्रीला एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायला सांगा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर ठोका बंद होतो, त्रास तिथे आहे. ज्याचा सैल करूनही इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करतच नव्हता.

सावधान: नोझलच्या पाइपमधून निघणारी बारीक धार कातडी भेदून आत जाते. गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. धार लागलीच तर जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी लगेच दवाखाना गाठा.

टप्पा ७: लोड आणि त्यानंतरची दहा मिनिटं

रिकाम्या ट्रॅक्टरला रेस देणं म्हणजे तपासणी नव्हे. हायड्रॉलिक उचलून बघणंही नव्हे, त्याला इंजिनाची ताकद फारशी लागतच नाही. डायनॅमोमीटर (लोड देऊन ताकद मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर जड अवजार लावून किंवा भरलेली ट्रॉली चढावर ओढून निदान २० मिनिटं खरा लोड द्या.

लोड अचानक पडला की काळा धूर यावा आणि गव्हर्नरनं (लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेनं) सावरलं की तो हलका व्हावा. सतत काळा राहिला तर आधी एअर क्लीनर बघा, मग नोझल, आणि मग पंपाचं सील. पंपावरच्या जास्तीत जास्त डिझेलच्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील असतं. ते तुटलेलं असेल तर कुणीतरी डिझेल वाढवून ताकद ‘काढली’ आहे. अशा ट्रॅक्टरची ट्रायल फार झकास वाटते आणि पिस्टनची माथी आतून भाजलेली असतात.

ऑइल प्रेशर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघा. अचूक आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. तो नसेल तर पूर्ण रेसवर २ ते ४ बार आणि आयडलला १ बारच्या आसपास, अशी ढोबळ अपेक्षा ठेवा. नुसता दिवा असलेल्या गाडीला मी दिव्याचा स्विच काढून स्वतःचा गेज लावतो. त्याला पाच मिनिटं लागतात. थंड इंजिनवरचं प्रेशर कुणालाही खूश करतं, त्याला काही किंमत नाही.

लोडवरून उतरलात की झाकणाची आणि ब्रीदरची तपासणी पुन्हा करा. टप्पा ६ मध्ये पास झालेली इंजिनं इथे नापास होताना मी पाहिली आहेत.

मग इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. रोटरी पंपासाठी हीच खरी परीक्षा. झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेलं डिझेल फटींतून निसटतं आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. सकाळी टचकन सुरू झालेलं इंजिन दुपारी फिरत राहतं आणि पकडत नाही. बहुतेक लोक तोवर ट्रायल संपवून व्यवहाराला बसलेले असतात.

टप्पा ८: कॉम्प्रेशन मोजायचं की नाही

सगळ्या ट्रॅक्टरांवर नको. शेवटच्या दोनांवर मोजा. नोझल काढावे लागतात, डिझेलचा खास गेज लागतो, आणि नवीन वॉशर सोबत न्यावे लागतात. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत २५ ते ३५ बार मिळतात. पण मी आकड्यापेक्षा फरक बघतो: सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत असतील तर इंजिन एकसारखं झिजलंय आणि अजून काही वर्षं देईल. तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर तिथे काहीतरी घडून गेलंय.

अवरमीटरवर या सगळ्यात भर देऊ नका. जुने यांत्रिक मीटर इंजिनाचे फेरे मोजतात, आणि ठरावीक आरपीएमवरच त्यांचा एक तास घड्याळाच्या तासाएवढा असतो. तोही चालू असेल तर.

टप्पा ९: हिशोब मांडून भाव

प्रत्येक ट्रॅक्टरसाठी एकच कागद. मागितलेल्या किमतीखाली लगेच लागणारी कामं लिहा, त्याखाली दोन वर्षांत येणारी. रचनेप्रमाणे दर लावा: वेट लायनर असेल तर सेट आणि मजुरी, बिनलायनरचं असेल तर त्यात रिबोअर किंवा स्लीव्ह, शिवाय ट्रॅक्टर मधून फोडण्याची मजुरी. बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनाचा ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग असतो, त्यामुळे क्रँक काढायची म्हणजे अख्खा ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. तो केलाच आहे तर क्लच आणि मागचं क्रँक सील त्याच वेळी बदलायचं, तेही यादीत धरा. क्रँक आधी घासलेली असेल तर कितव्या पायरीवर आहे ते विचारा, ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी ती उतरत जाते आणि पुढे बेअरिंग मिळत नाहीत.

‘नुकतंच इंजिन बांधलंय’ या वाक्याचे पैसे फक्त बिलं बघून द्या. बिलावर लायनर-पिस्टन आहेत पण मेन आणि बिगएंड बेअरिंग नाहीत, तर ते अर्धंच काम आहे, आणि त्याचे पैसेही अर्धेच द्या.

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या आठवड्यात ऑइल आणि सगळे फिल्टर बदला. जुना ऑइल फिल्टर फेकू नका. कापून त्याचा कागद उन्हात पसरवा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी भुकटी लोखंडाची, म्हणजे रिंगा-लायनरची. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण बेअरिंगचे. तांबूस कण दिसले तर हंगाम सुरू व्हायच्या आत ऑइल पॅन उघडून बेअरिंग बघून घ्या.